नमुना क्रमांक एक

३ जून
आले एकदाची! आठ वर्षं पंपांच्या कारखान्यात इंजिनिअरकी केल्यावर बत्तिसाव्या वर्षी पुन्हा शिकाऊ, तीही जनुकांच्या प्रयोगशाळेत. आई म्हणते, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीस. म्हणू दे. दर रविवारी फोन करायच्या अटीवर तिनं सोडलं. जागा नीटनेटकी आहे, राहायचंही इथंच, खिडकीजवळचं टेबल मला मिळालंय. इथल्या प्रमुख, मोठ्या बाई, आणि त्यांच्या दोन सहायक इतक्या सारख्या दिसतात की मी विचारलंच, सख्ख्या बहिणी का? तिघी एकदम हसल्या. नात्यातल्या नाहीत म्हणे.

५ जून
इथली रीत अशी की नवख्यानं सरावासाठी रोज स्वतःचीच लाळ द्यायची. यंत्र त्यातली जनुकं वाचतं आणि संगणकावर अक्षरांची लांबच लांब माळ येते. ती 'नमुना क्रमांक एक'शी, म्हणजे मोठ्या बाईंच्या माळेशी, ताडून पाहायची. माणसामाणसांत बदलणाऱ्या हजार जागा तपासल्या, चारशे बारा ठिकाणी फरक निघाला. गळके पंप मोजण्यापेक्षा हे कितीतरी मजेचं आहे.

१० जून
आज फरक तीनशे एक. माझंच काहीतरी चुकतंय. नाचता येईना अंगण वाकडं असं व्हायला नको, म्हणून यंत्राला बोल न लावता माळा ताडणारा माझा प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. दोष सापडला नाही. काल फोनवर आईनं विचारलं, आवाज बसलाय का गं. मला तर काहीच झालेलं नाही.

१३ जून
एकशे चाळीस. पहिल्या दिवसाच्या लाळेची नळी फ्रीजरमध्ये होती, ती पुन्हा यंत्राला लावली. बरोब्बर चारशे बारा. म्हणजे यंत्र ठणठणीत आहे. बदलतेय ती मी. सहायकांना सांगितलं तर म्हणाल्या, आमचंही असंच झालं होतं, होते सवय.

१६ जून
भीती वाटतेय. आईनं तीनदा विचारलं, कोण बोलतंय. मी लहानपणच्या खोड्या सांगितल्या, तिच्या ओरडण्याची नक्कल केली. तिनं फोन ठेवून दिला. लेथवर उजवा अंगठा कापला होता, त्याचा वण शोधला. वण नाही.

१८ जून
लाळ देणं बंद केलंय. काही उपयोग नाही, आरशात दिसतंच. बॅग भरली, फाटकापर्यंत गेले. पण घरी जाऊन दार वाजवलं आणि आईनं विचारलं, कोण पाहिजे, तर— परत आले.

२१ जून
डाव्या हातानं लिहितेय. कधीपासून? त्या तिघी डावखुऱ्या आहेत. मी नव्हते. मी—

२४ जून
आई आली! मीच दार उघडलं. तिनं हात जोडले. म्हणाली, बाई, माझी मुलगी इथं शिकायला आलीय, फोन उचलत नाही, जरा बोलावता का. मी आहे म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटलं, बसा, बोलावते—

२४ जून, दुपार
बाकावर एक बाई कधीच्या रडत बसल्यात. मुलगी सापडत नाही म्हणे. आम्हा चौघींत तशी कुणी नाही. तरी त्यांच्याकडे पाहिलं की माझा उजवा अंगठा ठणकतो, आणि