न गाळलेल्या पेशी

१२ नोव्हेंबर
घरी. भात झोडून झालंय. माझ्या वाट्याला नुसता पेंढा.
काकीने माझा चहाचा पेला वेगळा ठेवलाय, खिडकीत. "तू त्या एड्सच्या कामात अस्तेस ना गो. घरात पोरं हायत." सांगितलं की आमच्या लॅबमध्ये विषाणू नाहीच, त्याचं एक जनुक आहे, तेवढ्याने कुणाला सर्दीसुद्धा होत नाही. "व्हय व्हय," म्हणाली. पेला तिथेच.
हीच काकी माझ्या सत्काराला नवी साडी नेसणार आहे. गावाच्या पूजेत शाल-श्रीफळ. घरातली पहिली पदवीधर, त्यात पीएचडी करते म्हणून.

१४ नोव्हें.
रोहनचा मेसेज. आकृत्यांचे रंग बदलून पाठव, पेपर याच आठवड्यात जायला हवा. रोहन लॅबमधला सिनियर. पेपरवर त्याचं नाव पहिलं, माझं दुसरं, गाईड म्हणून सरांचं शेवटी. तो शास्त्रज्ञ, मी रंगारी.
आणि पेपर तरी काय? एचआयव्हीच्या सहायक प्रथिनांपैकी एक व्हीपीआर. ते पेशीत आलं की पेशी आपला डीएनए दुप्पट करते आणि विभागायच्या आधीच अडकते. वाढते, फुगते, पण एकाची दोन होत नाही. विषाणूला तेवढीच सवड. हे जगाला कधीचं माहीत आहे. आमचं नवं एवढंच: व्हीपीआरमध्ये एक बदल केला, ज्याने ते निकामी व्हायला हवं, तरी पेशी अडकतात. सर याला 'ब्रेकथ्रू' म्हणतात. लॅबमध्ये नवा फ्रीज आला तेव्हाही म्हणाले होते.
रंग बदलायला मूळ फायली उघडाव्या लागल्या. रोहनच्या पेशींचे फोटोही पाहिले. अडकलेली पेशी फुगलेली हवी. या साध्याच. मात्र जिथे पाहावं तिथे दोन-दोन...

१५ नोव्हें.
झालं. कळलं.
मशीन एकेका पेशीवर लेसर टाकतं आणि डीएनए किती ते सांगतं. दुप्पट असेल तर अडकलेली. पण दोन साध्या पेशी चिकटून गेल्या तरी बेरीज दुप्पटच येते. म्हणून आधी त्या जाळीतून गाळायच्या, आणि नंतर फायलीतून जोड्या वगळायच्या. जोडीला लेसरसमोरून जायला जास्त वेळ लागतो, त्यावरून ती ओळखू येते. पहिल्या वर्षाची मुलं करतात. रोहनने दोन्ही केलं नाही.
मी जोड्या वगळल्या. मूळ व्हीपीआरच्या पेशी अडकलेल्याच राहिल्या. त्या खऱ्या. बदललेल्याच्या गायब. कंट्रोलमध्ये, म्हणजे व्हीपीआर न घातलेल्या पेशींमध्ये, आणि त्यांच्यात काही फरक नाही.
आणि कंट्रोल मी केलं होतं. मी गाळलं होतं. म्हणजे मी गाळते आणि रोहन गाळत नाही, हा सरांचा ब्रेकथ्रू.
चहालासुद्धा लोक गाळणी वापरतात.

१६ नोव्हें.
रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. तिथून रोहनला फोन केला.
"अगं, तू फारच कडक वगळतेस."
मग: "जर्नलच्या रिव्ह्यूअरने विचारलं तर बघू ना."
मग, अगदी मायेने: "तुझ्या फेलोशिपची मुदतवाढ कधी आहे गं?"
पुढच्या आठवड्यात आहे. त्याला माहीत आहे. मुदतवाढ सरांच्या शब्दावर. नाही मिळाली तर पीएचडी अर्धी टाकून म्हसळ्याला कुठल्यातरी क्लासमध्ये आठवीला पेशीचे भाग शिकवायचे. इस्त्रीचा शर्ट घातलेला भिकार माणूस हा रोहन.

१७ नोव्हें.
नाक्यावर बॅनर लागला. 'एड्सवर औषध शोधणारी आपल्या गावची सुकन्या'. माझा बारावीतला फोटो. बाजूला तीन पुढारी, माझ्याहून मोठे, आणि त्यातल्या एकालाही माझं नाव माहीत नसणार.
गावच्या मुंबई मंडळाचे सेक्रेटरी काका तिथेच उभे होते. म्हटलं, काका, हे खोटं आहे.
"अगो, आज ना उद्या शोधशीलच की! बॅनर काय रोज रोज छापायचा?"
बाबा म्हणाले, "त्यांना काय बोलू नको. हौसेनं केलाय." बोलताना माझ्याकडे नाही, बॅनरकडे बघत होते. इतका राग आला बाबांचा. आणि मग तसा येईना.

१९ नोव्हें.
सत्कार. शालीला किमतीची चिठ्ठी तशीच.
माईक हातात आल्यावर सरळ सांगितलं. मी औषध शोधलेलं नाही. एका प्रथिनामुळे पेशीचं विभाजन कुठे अडतं, एवढंच बघते.
टाळ्या. सेक्रेटरी काका माईक ओढून घेत, "बघा! एवढी शिकली, पण गर्व न्हाय!" पुन्हा टाळ्या, सगळ्यांत जोरात काकीच्या. मागून एकजण, "गोळी कधी येनार पण?"
गाढव सगळे.
टाळ्या बऱ्या वाटल्या. त्याचीच जास्त किळस.

२० नोव्हें.
सरांना मेल. दोन्ही आलेख जोडले. 'बदललेलं व्हीपीआर पेशी अडकवत नाही. त्या जोड्या आहेत. प्रयोग परत करू या, गाळून.'
संध्याकाळी उत्तर. 'तुझी चिकाटी आवडली. पण विज्ञानात धाडसही लागतं. घरी आहेस, आराम कर. सोमवारी मुदतवाढीची मीटिंग, वेळेवर ये.'
आलेखांबद्दल एक अक्षर नाही. काल गर्व नाही, आज चिकाटी. खरं बोललं की लोक स्वभावाचं कौतुक करतात.

२२ नोव्हें.
पेपर गेला. माझे रंग, रोहनच्या जोड्या.
जर्नलची मेल मला म्हसळ्याच्या स्टँडवर मिळाली. बाबा खताच्या दुकानात येणार होते, परतीचं तिकीट काढायला त्यांच्या गाडीवर मागे बसून आले होते. प्रत्येक लेखकाने कळवायचं: हो, मी या पेपरची लेखक आहे, किंवा नाही.
रोहन: 'फक्त तुझं राहिलंय गं. सर दोनदा विचारून गेले.' पाठोपाठ हात जोडलेलं चित्र. त्याला हात जोडता येतात हे नवीन.
'हो'ला काही लिहावं लागत नाही. 'नाही' दाबलं की कारणासाठी चौकट उघडते. दाबलं. लिहिलं, पेशी गाळलेल्या नव्हत्या, जोड्या वगळल्या की हा निष्कर्ष उरत नाही. वाचून पाहिलं. चूक नाही त्यात. खाली 'पाठवा'.
बाबांनी गाडी चालू केली होती. "झाला काय गो तुझा?"
"न्हाय अजून."
"मग?"
"थांबा जरा."
त्यांनी गाडी बंद केली आणि उतरून माझ्याशेजारी बाकावर येऊन बसले. मोबाईल माझ्या हातात, चौकट अजून उघडी.