अक्षर मोठं करणारं बटण

३ मार्च
तीन दिवस! एका बटणापायी तीन दिवस! दवाखान्याच्या वेबसाइटच्या पानावर ‘अक्षर मोठं करा’ दाबलं की अक्षर वाढायला हवं. त्यासाठी आधी आत्ताचं माप वाचायचं. कोडमध्ये style.fontSize विचारते — उत्तर रिकामं. डोळ्यांना अक्षर दिसतंय आणि हे म्हणतं माप नाही!

४ मार्च
धाकटी बहीण ऑफिसात माझ्या खुर्चीमागे येऊन उभी. “अगं ताई, style फक्त टॅगवर लिहिलेलंच सांगतं. आपलं माप स्टाइलशीटच्या वेगळ्या फाइलीत आहे ना? getComputedStyle ला विचार.” एक ओळ — आणि चाललं!
साहेब तिला म्हणाले, “डोकं आहे हं पोरी तुला. बटण आता तूच सांभाळ.”
हिला माउस धरायला शिकवलं मी. गेल्या वर्षी शब्द टाकून इथे चिकटवली ती मीच. गुरूची विद्या गुरूलाच!

५ मार्च
आईसुद्धा! “तुझं अडलेलं काम म्हणे धाकटीने केलं?” हो, जळतेय मी.

६ मार्च
नव्या कामाचं प्रमुखपद कुणाला, ते उद्याच्या डेमोनंतर ठरणार. साहेब हे सांगताना तिच्याकडेच बघत होते.
संध्याकाळी तिचं बटण दाबून पाहिलं. सगळं वाढतं — औषधांच्या वेळांचा रकाना सोडून! स्टाइलशीटमध्ये कुणीतरी त्याच्या मापाला !important चा शिक्का ठोकून ठेवलाय. बटणाने कितीही माप बदलू दे, त्याच्यापुढे चालत नाही. दोन मिनिटांचं काम. तिला सांगायला हवं होतं. मूग गिळून बसले. आपटू दे एकदा!

७ मार्च
आपटली. डेमोत दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून चार वेळा बटण दाबलं. “बाकी सगळं दिसतंय हो, औषध कधी घ्यायचं तेवढंच दिसत नाही!”
साहेब तापले — “रकाना अडवणारी ही ओळ कुणाची?” धाकटीने ओळीचा इतिहास — कुणी, कधी लिहिली ते — उघडला, वाचला, लॅपटॉप मिटला. “माझी, सर.”
मला आनंद झाला. झाला! इथे तरी खोटं कशाला लिहू?

१० मार्च
प्रमुख मी! “तुझ्या कामात असला गलथानपणा नसतो,” साहेब म्हणाले. धाकटीने मिठी मारली. “तुलाच मिळायला हवं होतं, ताई.” नाटकी कुठली!

११ मार्च
रकाना दुरुस्त करायला घेतला. ओळीचा इतिहास उघडला. दोन वर्षांपूर्वीची. धाकटी तेव्हा कॉलेजात होती.
नाव माझं.