गळ्यापर्यंत चढलेली मुळी

प्रिय लुपे,

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. तुमच्या ऑकलंडचा फोन आला की इथे बेटावर अख्खं घर त्याच्याभोवती गोळा होतं, आणि तुझी आई तो इतक्या मोठ्या आवाजावर लावते की शेजारची डुकरंसुद्धा खाणं थांबवून ऐकतात. म्हणून हे पाद्रीबाईंच्या पुतणीच्या सामानात, कोनफळांच्या खाली दडवून पाठवते आहे. सामिउलाही वाचून दाखव, नवरा आहे तुझा. मला सगळं त्यानंच सांगितलंय. तुला तिसऱ्यांदा दिवस गेलेत, आणि गळ्याच्या गोळ्या तू बंद करून बसली आहेस.

त्या बंद करण्याचं कारण आपल्या कबरस्तानात सापडलं म्हणे. मी तिथे हजर होते, तेव्हा माझ्याकडूनही ऐक. तुझे दोन गर्भ गेले, गळा सुजला, भर उन्हाळ्यात तू स्वेटर घालून फिरू लागलीस, तेव्हाच तुझ्या बापानं मनाशी ठरवलं होतं की आमच्या आईच्या हाडांना काहीतरी टोचतंय. मेलेल्याला जिथे टोचतं तिथे जिवंताला दुखतं, हे आपल्याकडे रांगतं पोरही सांगेल. एका शनिवारी सकाळी कबर उघडली. आत्येचा मान म्हणून मला सावलीत चटईवर बसवलं होतं, म्हणजे सगळ्यात चांगलं मलाच दिसत होतं. चाफ्याची एक मुळी निघाली खरी, बोटाएवढी, घोट्यापाशी. खणणारा स्पष्ट म्हणाला, "घोट्याला होती." तुझ्या चुलतभावाला ते फारच किरकोळ वाटलं, तो म्हणाला, "गुडघ्याला असेल." जेवणं होईपर्यंत मुळी कमरेला पोचली, आणि संध्याकाळी तुझी आई फोनवर तुला सांगत होती, "अगं, गळ्याला वेढे घालून बसली होती मेली! कापून टाकली. आता फेक त्या गोळ्या." इतक्या झपाट्यानं वाढणारी मुळी मी जन्मात पाहिली नाही. आपली कोनफळं अशी वाढती तर कुणी पोट भरायला तिकडे गेलंच नसतं.

आणि दोन आठवड्यांत तुझी गोड बातमी आली. झालं! आठ महिने गोळ्या खाऊन तुझी पाळी ताळ्यावर आली होती, हे कुणाच्या लक्षात नाही. मान मुळीला मिळाला. तुझा बाप चर्चमध्ये छाती काढून चालतोय.

दोषात मुळीला वाटेकरी एकच, ती म्हणजे मी. तुझ्या लग्नात मला दिलेली मानाची चटई जुनी निघाली होती आणि मी तोंड वाकडं केलं होतं, हे गाव विसरलेलं नाही. आत्येचा राग भाचीची कूस बंद करतो, तेव्हा राग काढून घ्यावा, असं सांगायला तुझा बाप स्वतः येत नाही. भावानं बहिणीसमोर बसायचं नाही म्हणून बायकोला पाठवतो. ती येते, डोळे पुसते, माझा अर्धा पाव खाते आणि म्हणते, "सोडा आता, वन्सं." माझ्या रागानं कुशी बंद होत असत्या, तर पाद्रीबाईंना नऊ पोरं कशी झाली, हे मला कुणीतरी समजावून सांगा. त्यांच्यावर माझा राग तुझ्यापेक्षा जुना आहे.

थट्टा पुरे. तुझ्या आजीबद्दल, आतेलाइतेबद्दल, तुला जे सांगतात त्यात ती मोठी, देखणी, घर भरून टाकणारी बाई असते. ती तशी झाली होती, मुळात तशी नव्हती. मी लहान असताना ती सडसडीत होती आणि गायकवृंदात तिचा सूर सगळ्यांत उंच जायचा. तुझा बाप झाला त्यानंतर तिचा सूर उतरायला लागला. ती पहिल्या रांगेतून मागे गेली, मग आणखी मागे, आणि पुरुष हसून म्हणायचे, "आतेलाइते, पुढच्या रविवारी आमच्यातच येऊन बस." पाळी आली की थांबायची नाही, आणि नाही आली की महिनोन् महिने नाही. तोंड सुजलं, तर बायका म्हणाल्या, नवरा खायला घालतोय. भुवयांची टोकं झडली. जानेवारीच्या, भर उन्हाळ्याच्या उकाड्यात ती चटया पांघरून बसायची. कुणी तिला आळशी म्हणालं, कुणी गर्विष्ठ. एका दुपारी ती झोपली होती. आई दमलीये म्हणून मी धाकट्यांना गप्प करत राहिले, जेवणाची वेळ टळली तरी. तिचा हात धरला तेव्हा तो समुद्राच्या तळच्या दगडासारखा गार होता.

तिच्या कबरीशेजारी वाळूचे तीन छोटे उंचवटे आहेत. तुझ्या बापानंतरची, न जगलेली बाळं. त्या शनिवारी सगळे त्यांच्यावर पाय देऊन उभे होते, मुळी बघायला वाकून.

म्हणून मी राजधानीत, नुकुअलोफाला जाऊन तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, गळ्यातली ती थायरॉईडची गाठ म्हणजे गायकवृंदाची मास्तरीण समजा. तिनं ताल संथ केला की सगळेच रेंगाळतात, हृदय, झोप, अंगातली ऊब. पाळीची आणि कुशीची हार्मोन्सही तिच्याच हाताकडे बघून चालतात. तिचा हात पडला की त्यांचा मेळ सुटतो, आणि कूस धरलेलं सोडून देते. गर्भाला तर सुरुवातीला स्वतःची अशी गाठच नसते, तो आईच्याच तालावर वाढतो. दिवस गेल्यावर गोळी बंद करायची नसते, उलट बहुतेकदा वाढवावी लागते. मी विचारलं, आणि बंद केली असेल तर? त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कोण? कधीपासून?" लुपे, त्यांचा तो चेहरा मला आवडला नाही.

तरी मी गप्प बसले असते. तू शहाणी आहेस, तुला तिकडचे डॉक्टर आहेत, असं स्वतःला सांगत चटई विणत बसले असते. पण या रविवारी फोनवर तू "आत्या" म्हणालीस आणि हातातली विणायची पात गळून पडली. तो आवाज तुझा नव्हता. तो माझ्या आईचा होता, शेवटच्या वर्षातला, जड, घशात ओली वाळू भरल्यासारखा. तुझी आई म्हणाली, "तिकडे गारठा आहे ना, घसा बसला असेल." मागून कुणीतरी हसलं, "आता पोरगी पुरुषांच्या रांगेत गाणार!" तोच विनोद, लुपे. इतक्या वर्षांत या गावाला दुसरा सुचला नाही. तेव्हा आता नीट वाच. चटईचा राग मी कधीच सोडला होता. गाव म्हणत होतं तेव्हा तो नव्हताच. आज मात्र मला राग आला आहे, खराखुरा, आणि आत्येच्या रागावर तुमचा एवढा विश्वास आहे तर हा घे. हे पत्र हातातून ठेवलंस की डॉक्टरकडे जा, दिवस गेलेत आणि गोळ्या सोडल्यात ते तोंडानं सांग, आणि ती देईल ती गोळी रोज उठल्याबरोबर, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घे. ती पोटात जात नाही तोवर माझा राग तुझ्यावर आहे. क्षमा मागायला विमानानं इथे येऊ नकोस, मी दार उघडणार नाही. मी विणते आहे ती चटई लहानशी आहे, बारीक पातीची. आपल्याकडे तशा चटईत बाळही गुंडाळतात आणि वाळूतले ते तीन गुंडाळले तसंही गुंडाळतात; विणताना दोन्ही सारखीच दिसतात. शेवटची कड मी सोडून ठेवली आहे. तू फोन कर. सगळं घर ऐकत असलं तरी चालेल, फक्त "घेतली" एवढंच म्हण. मला तुझा आवाज ऐकायचा आहे.

अजून रागातच असलेली, तुझीच,
कालो आत्या