स्वयंपाकघरातला पांढरा उजेड

आई,

तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तुझ्या मुलानं हॉलंडमध्ये घर घेतलं हे तुला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही, तेव्हा मीच सांगतो. आर्नहेममध्ये घेतलं. खाली बैठकीची खोली आणि तिच्यामागे, मधे भिंत नसलेलं, स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या. घेताना चूक केली, तीही सांगतो. कोरोनाचे दिवस होते, घर बघायला एकाच माणसाला आत सोडत, तेही दहा मिनिटं. बायको आणि मुलगी बाहेर फुटपाथवर थांबल्या आणि मी तोंडाला मास्क लावून एकटा आत गेलो. जूनमधली संध्याकाळ होती, आठ वाजलेले, आणि इथं जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. मागच्या खिडकीतून ऊन थेट येऊन ओट्यावर लोळत होतं. मी बाहेर आलो आणि जाहीर केलं, "उजेडच उजेड आहे!" नोव्हेंबरात राहायला आलो तेव्हा कळलं, त्या खिडकीत ऊन वर्षातून जेमतेम दीड महिना येतं, आणि तेही आठ वाजता. बाकी दिवस समोर शेजाऱ्यांच्या शेडची भिंत आणि वर ढग. त्यात आधीच्या मालकांनी इथल्या रिवाजाप्रमाणे जाताना दिवे नेले, पडदे नेले, लाकडी फरशीसुद्धा उचलून नेली. छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या. बायकोनं चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाली, "अरे, तू घर बघायला गेला होतास की सूर्यास्त?"

दोघांचंही ऑफिस घरात आलेलं. मी पुढच्या खोलीत, ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मीटिंगमध्ये लोक तिला म्हणत, कॅमेरा चालू कर. ती म्हणे, चालूच आहे. पहिले काही दिवस ती चेष्टा करायची, मग चेष्टाही बंद झाली. एके दुपारी पाहिलं तर अंगात कोट, कानटोपी, आणि ती मागच्या दारात उभी राहून कोथिंबीर निवडतेय, कारण आत पिवळं पान कुठलं आणि हिरवं कुठलं ते दिसत नव्हतं. मला क्वार्टरमधली तू आठवलीस. आपल्या स्वयंपाकघराची खिडकी पाण्याच्या टाकीवर उघडायची, आणि तू तांदळाचं ताट घेऊन उंबऱ्यात येऊन बसायचीस. बायको कोथिंबिरीवरची नजर न काढता म्हणाली, "विमानं सुरळीत झाली की मी लेकीला घेऊन पुण्याला जाते. तू बस इथे तुझ्या सूर्यास्तात." आई, ती चिडून बोलली असती तर मी विशेष मनावर घेतलं नसतं. ती शांतपणे म्हणाली, म्हणून मी घाबरलो.

तुझे नियम पाळायचीही सोय नव्हती. दिवेलागणीला झोपायचं नाही, केर काढायचा नाही, शुभं करोति म्हणायचं, हे तू माझ्या पाठीत धपाटे घालून शिकवलंस. इथं डिसेंबरात दिवेलागण साडेचारला होते, तेव्हा माझा मॅनेजर प्रेझेंटेशन दाखवत असतो. आणि जूनमध्ये ती होईपर्यंत तुझी नात झोपून तासभर झालेला असतो. एकदा म्यूट न करता मी शुभं करोति पुटपुटलो, तर मॅनेजरनं विचारलं की मला काही प्रश्न आहे का.

तर मी कामाला लागलो. दुकानं बंद होती. सामान ऑनलाइन मागवायचं आणि दुकानाबाहेर रांगेत लांब लांब उभं राहून न्यायचं. इथल्या लोकांना मिणमिणता पिवळा उजेड फार प्रिय, आणि पिवळा उजेड म्हटलं की आपल्याला वाटतं व्होल्टेज कमी आहे. मी शोधून शोधून सगळ्यात पांढऱ्या ट्यूब मागवल्या. चार बैठकीच्या खोलीत, दोन स्वयंपाकघरात. भिंतींना पांढरा रंग दिला, तोही चकचकीत. एका रविवारी शिडीवरून उतरून बटण दाबलं आणि विजयी मुद्रेनं वळलो. तुझी नात डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "बाबा, इट्स लाइक द टँडआर्ट्स!" टँडआर्ट्स म्हणजे दातांचा डॉक्टर. मी बायकोला म्हटलं, "आता कोथिंबीर तरी दिसेल." ती म्हणाली, "रस्त्यावरून जाणाऱ्यांनाही दिसेल." पडदे अजून यायचे होते, आणि तशीही इथं पडदे ओढून बसायची पद्धत नाही.

पुढच्या आठवड्यात दुपारी बेल वाजली. बायकोनं दार उघडलं. दारात ऐंशीच्या घरातले एक आजोबा, मास्क लावलेले, कोटाची एक बाही काढलेली आणि आतल्या शर्टाची बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "मी फार लवकर तर आलो नाही ना?" आता सांग, दारात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला आपल्याकडे कुणी 'तुम्ही कोण' म्हणून विचारतं का? दिवसाला एकच पाहुणा घरी घ्यायची परवानगी होती आणि आमच्याकडे तोवर एकही आला नव्हता. ती म्हणाली, "छे छे, या ना." आजोबा खुर्चीवर टेकले. हिनं विचारलं, "चहा घेणार की कॉफी?" आजोबा जरा गोंधळले, म्हणाले, "आधी की नंतर?" मग त्यांनी उघडा दंड पुढे केला. मी हेडफोन काढून उभा राहिलो. त्यांच्या हातात लशीचं पत्र होतं. लस मागच्या गल्लीतल्या हॉलमध्ये द्यायची होती, पण त्यांना लांबून पांढऱ्या भिंती, पांढरे दिवे, लांब लांब मांडलेल्या खुर्च्या आणि कॉम्प्युटरसमोर बसलेली दोन गंभीर माणसं दिसली होती. शंका घ्यायला जागाच नव्हती. मी त्यांना हॉलपर्यंत पोचवून परत आलो तर बायको उघड्या सिमेंटवर बसून हसत होती. डोळ्यांतून पाणी, बोलता येईना, नुसती आपला दंड पुढे करून दाखवत होती. नोव्हेंबरपासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, पण हसूनच आलं असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी एक जुना, कापडी टोपीचा दिवा पायरीवर आणून ठेवला आणि दीड मीटर मागे सरून सांगितलं की बसायच्या खोलीत दिवा डोक्यावर टांगायचा नसतो, शेजारी ठेवायचा असतो. बायकोनं तो कोपऱ्यात लावला आणि बैठकीतल्या चारही ट्यूब मला उतरवायला लावल्या. मी व्होल्टेजबद्दल कुरकुरलो, कुणी लक्ष दिलं नाही. मग शिडी स्वयंपाकघरात नेली, वर चढलो, ट्यूबला हात घातला, तोच ती खालून म्हणाली, "ए, तिथल्या नको काढूस. चिरताना माझी बोटं मला दिसू देत. त्या राहिल्या तर मीही राहीन." मी शिडीवरच थांबलो. ती कांदा चिरत होती, स्वच्छ उजेडात, आणि मला काही केल्या खाली उतरवेना.

माझ्या दहावीच्या वर्षी बाबांनी ट्यूब आणली ती तुझ्या स्वयंपाकघरासाठी. तू छताची काजळी पुसून ठेवली होतीस. वायरमन आला, आणि मी म्हणालो की अभ्यास करताना माझे डोळे दुखतात. तू त्याला लगेच सांगितलंस, "ह्याच्या टेबलावर लावा. मला कशाला लागतोय उजेड, माझे हात डोळस आहेत." पुढे महिनाभर मला गाजराचा रस पाजलास. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, नजर उत्तम आहे, तर बाहेर येऊन म्हणालीस, "त्यालाच चष्मा लागलाय." मग मी शिकायला गेलो, नोकरीला लागलो, आणि तू शेवटपर्यंत त्या चाळीसच्या बल्बखाली स्वयंपाक केलास.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, बायकोलाही दाखवायचं नाही. पण लिहून ठेवतो. आई, माझे डोळे दुखत नव्हते. वर्गातल्या मित्राच्या टेबलावर ट्यूब होती, म्हणून मला हवी होती.