तुझी नसलेली दहा गाणी

नळदुर्ग,
१ जानेवारी

प्रिय शिवप्रिया,

हे पत्र रागात लिहितो आहे, आणि राग ओसरण्याची वाट मुद्दामच पाहिलेली नाही. तू शाळेत असताना मी तुला सांगितले होते, की राग हे कारण नव्हे, पण कारण असल्याची खूण असू शकते. खूण मला काल मिळाली. कारणे पुढे मांडतो.

काल तुझा वर्षअखेरचा व्हिडिओ पाहिला, 'या वर्षीची माझी दहा गाणी'. तुझ्या अज्जीने फोन शेंगदाण्याच्या डब्याला टेकवून ठेवला आणि आम्ही दोघे दरवर्षीसारखे समोर बसलो. ही गाणी मला आवडत नाहीत हे तू जाणतेस. आवडत होता तो आपला नियम. तू गाणे पुढे करायचे, मी आक्षेप घ्यायचा, आणि त्याचे खंडन तुला जमले तरच ते तुझ्या दहांत बसायचे. इतर आजोबा नातवंडांना खाऊ देतात, मी पूर्वपक्ष देत आलो. त्यापायी कोरियातल्या पोरांची गाणी अर्थ न कळता ऐकली. हरियाणातल्या कुण्या ट्रॅक्टरवाल्याच्या गाण्यावरून आपण बसमध्ये अणदूर येईपर्यंत भांडलो, आणि शेवटी वाहकाने निकाल दिला, "गुरुजी, सोडा आता. पोरगी बरोबर हाय."

गेल्या वर्षी तू हैदराबादच्या एका मुलीचे दखनी गाणे पहिल्या क्रमांकावर ठेवलेस. मी म्हणालो, याला दुसरे कडवेच नाही, सबब हे अपुरे आहे. तू तत्काळ म्हणालीस, "अज्जा, रुसलेलं माणूस दुसरं कडवं म्हणत नसतं." मी आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. इतके नेमके खंडन माझ्या एकाही विद्यार्थ्याने केले नव्हते. मी हरलो, आणि त्या हरण्याची गोष्ट बाजारात भेटेल त्याला सांगत सुटलो.

यंदा तुझ्या शेजारी बसवेश बसला होता. साखरपुडा झालेला आहे, तेव्हा त्याच्या बसण्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप पुढचा आहे. शीर्षकात 'माझी' होते, पण प्रत्येक गाण्याला तू 'आम्हाला आवडलेलं' म्हणत गेलीस आणि एकाचेही कारण दिले नाहीस. दुसऱ्या गाण्याला 'पण' म्हणून काही सांगू लागलीस, तर त्याने हसत हसत तुझ्या मनगटावर हात ठेवला. "बस ना मॅडम, लोकांना गाणी ऐकायचीत, लेक्चर नकोय." आणि तू हसलीस. शिवप्रिया, तू हसलीस आणि गप्प झालीस! त्याच्या हातापेक्षा मला ते हसणे अधिक झोंबले.

दहाही गाणी गुळगुळीत होती, हॉटेलात जेवताना मागे लावून ठेवतात तशी. नागपूरच्या त्या दोन बहिणींचे गाणे कुठे गेले, ज्यात ढोलाऐवजी स्टीलचा डबा वाजतो? श्रावणात तू पुण्याहून, स्वारगेटच्या स्थानकावरून फोन केला होतास. "अज्जा, या वर्षीचा निकाल लागला. आता दुसरं गाणं येऊच शकत नाही!" मागे गाड्यांचे भोंगे, कुणीतरी सोलापूर सोलापूर ओरडतो आहे, तरी तू ते मला अख्खे ऐकवलेस. मी आक्षेप तयार ठेवला होता, की त्या बहिणी ओरडतात, गात नाहीत. तुझे खंडन ऐकण्यासाठी मी इतके महिने थांबलो. काल फोनवर विचारले तर म्हणालीस, "त्याला ते चीप वाटतं, अज्जा. तो म्हणतो, मी प्रत्येक गोष्टीत वाद घालते. सोडून देते आता."

वाद हा शब्द तू एखाद्या व्यसनाचे नाव घ्यावे तसा उच्चारलास. म्हणून पुन्हा सांगतो. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य कळावे म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता समोरच्याचे नुसते मोडण्यासाठी होते ती वितंडा. मी तुला पहिला शिकवला. बसवेशने जल्प केला असता तरी मी त्याचा मान राखला असता. 'ते गाणं वाईट आहे, कारण' एवढे म्हणून त्याने वाक्य पुरे केले असते, तर मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो, कारण गाण्याविषयी माझे मत त्याच्याहून फारसे वेगळे नाही. मनगटावर हात ठेवून माणसाचे वाक्य तोडणे या तिन्हींपैकी कशातच बसत नाही.

तुझे वडील आज धाराशिवहून आले होते. माझे म्हणणे ऐकून रुद्रेशने कपाळाला हात लावला. "अण्णा, गाण्यापायी कुणी सोयरिकीत खोट काढतंय का? परंड्याचे व्याही काय म्हणतील? लोक हसतील आपल्याला." त्याचा मुद्दा मी तपासला. एका उदाहरणावरून व्याप्ती, म्हणजे सगळीकडे लागू पडणारा नियम, सिद्ध होत नाही, हे त्याला मीच शिकवलेले आहे. म्हणून त्याच्यापुढे दुसरे ठेवले. साखरपुड्यात गजराबाईआत्याने तुला विचारले, की तुझे नोकरीत नेमके काम काय. उत्तर बसवेशने दिले, तेही चुकीचे, आणि तू ते दुरुस्त केले नाहीस. मग तिसरे ठेवले. परतताना हमरस्त्यावरच्या ढाब्यात तू काळ्या मसाल्याची शेवभाजी सांगितलीस. "तिला तिखट सोसत नाही," म्हणून त्याने पनीर मागवले. ठेच्यासाठी अज्जीशी भांडणारी तू, ते पनीर मुकाट खाल्लेस.

रुद्रेशला तरीही पटले नाही. तुझ्या अज्जीला व्याप्ती वगैरे लागत नाही. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आज मनगट धरलंय, उद्या नरडं धरल. तुमी बसा पुरावं गोळा करत."

आता फोन सोडून पत्र का, ते सांगतो. फोन तुझ्या शेजारी बसलेला माणूस ऐकेल, पत्र तू एकटी वाचशील. लग्नपत्रिका छापून आल्या आहेत. आपल्या घरात ज्येष्ठाने पहिली पत्रिका खंडोबापुढे ठेवल्यावाचून दुसरी कुणालाही जात नाही. देव सध्या दरवर्षीच्या मुक्कामासाठी अणदूरहून नळदुर्गला आलेले आहेत आणि पौष पौर्णिमेची यात्रा झाली की परत निघतील. रुद्रेश घाई करतो आहे. मी ती पत्रिका ठेवलेली नाही. यात्रेआधी तू ये, एकटी ये. ती दहा गाणी खरोखर तुझी असतील तर नेहमीसारखी समोर बस, मला हरव, आणि मी त्याच दिवशी देवळात जाऊन पत्रिका ठेवीन. ती तुझी नसतील, तर 'नाही' एवढेच म्हण. रुद्रेशला, परंड्याच्या माणसांना आणि हसणाऱ्या लोकांना उत्तरे मी देईन, ते काम मला येते. आजवर तुझ्या प्रत्येक होकाराला आणि नकाराला मी कारण विचारत आलो. या नकाराला विचारणार नाही.

तुझाच,
डब्याच्या गाण्यावरचा आक्षेप राखून ठेवलेला,
अज्जा