मागच्या खोलीतल्या बाटल्या कोणालाही नाहीत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, गल्लीत ‘क्लासवाल्या बाई’ म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, भर दिवसा, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. समोरच्या खुर्चीत बसून “अजून किती लिहिणार आहेस?” असे विचारणारे गृहस्थ माझे पती आहेत, आणि त्यांच्या दडपणाखाली मी लग्न झाल्यापासून कधीच आलेले नाही.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. मला ते पटते. पण कापडाला कात्री लावण्याआधी माप घ्यायची माझी सवय, म्हणून हा खटाटोप.

कलम पहिले. राहते घर माझ्या नावावर आहे आणि ते शिवणाच्या क्लासवर उभे राहिले आहे. माझ्या पश्चात त्यात माझ्या पतींनी तहहयात राहावे, नंतर ते आमच्या लेकीला मिळावे. मधल्या काळात लेकीने आणि जावयांनी यांना “आमच्याकडे चला” असे जरूर म्हणावे, पण फार गळ घालू नये. हे दुसऱ्याच्या घरी दोन दिवस नीट राहतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा मिक्सर उघडून बसतात.

कलम दुसरे. बँकेतली ठेव पती आणि लेक यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. तिच्यावरून भांडणे होतील इतकी ती मोठी नाही, याचे मला समाधान आहे.

कलम तिसरे. माझे पायमशीन कोपऱ्यावर दुकान चालवणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीला द्यावे. क्लासमध्ये ती दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापायची. आज तिच्याकडे लोक रांग लावतात. मशीनला मोटर बसवू नये. मोटर बसवायला आमचे हे कधीपासून टपून आहेत, त्यांच्या हाती मशीन लागण्याआधी तिने ते उचलावे.

कलम चौथे. मोठी कात्री माझ्या नणंदेला. वन्सं, तुम्ही एकदा या कात्रीने पत्रा कापला होता. तेव्हा मी नवी सून होते, ब्र काढला नाही. आता काढते: ती कापडाची कात्री आहे! तरी तुम्हालाच देते, कारण इतक्या चिकाटीने ती दुसऱ्या कोणी मागितलेली नाही.

कलम पाचवे. तळमजल्यावरच्या, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी काहीही ठेवत नाही. गटारातून रंगाचा भपकारा आला तेव्हा भर सभेत त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले, “बाई घरात कपडे रंगवतात.” तो रंग त्यांच्याच खिडकीच्या ग्रिलचा होता, आणि उरलेला डबा त्यांनीच मोरीत ओतला होता. मी त्यांना माफ केले आहे. विसरले मात्र नाही.

कलम सहावे, आणि खरे सांगायचे तर याच्यासाठीच मी कागद हातात घेतला. मागची खोली.

माझे पती रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करीत. सगळे त्यांना रेडिओकाका म्हणतात. दुकान बंद केले तेव्हा दुकान जे घरी आले ते मागच्या खोलीत बसले. त्यात फुगलेल्या बॅटऱ्या आहेत, गेलेल्या ट्यूब आहेत, स्कूटरची बॅटरी आहे (स्कूटर केव्हाच गेली), पाऱ्याचा थर्मामीटर आहे, झुरळांचे औषध आहे, अर्धे वाळलेले रंग आहेत. आणि बाटल्या आहेत. थिनर, टर्पेंटाइन, ॲसिड, व्हार्निश, आणखी देव जाणे काय काय, आणि हे सगळे सरबताच्या बाटल्यांत! एकीवरही नाव नाही. विचारले की यांचे एकच उत्तर: “वास घेतला की कळतं मला.”

दिवाळखोर माणसाकडूनही वारसांना असे काही मिळू नये. म्हणून मी जाहीर करते की, या खोलीतली एकही बाटली, डबा, ट्यूब वा बॅटरी मी कोणालाही देत नाही. लेकीला नाही, जावयांना नाही, भंगारवाल्याला तर नाहीच. काहीही मोरीत ओतायचे नाही, अंगणात पुरायचे नाही, जाळायचे नाही, रोजच्या कचऱ्यात लपवायचे नाही. सगळे नगरपालिकेच्या घातक कचरा केंद्रावर पोचवायचे. मी तिथे फोन करून विचारले आहे. तिथल्या बाईंनी सांगितले, “ओतू नका, एकात एक मिसळू नका, वास घेऊन बघू नका. आहे त्याच बाटलीत, झाकण घट्ट करून, उभ्या आणा.”

हे वाचून माझे पती म्हणाले, “अगं, मी आहे ना! तुझ्यामागे मी बघीन सगळं.”

तेवढ्यासाठीच तर माझा जीव टांगणीला लागला आहे. मागच्या महिन्यात यांनी गुडघ्याला तेल म्हणून व्हार्निश चोळले. गुडघा असा चकाकत होता की हाडांच्या डॉक्टरांनी नर्सला बघायला बोलावले. आम्ही सगळे पोट धरून हसलो. मीही हसले. मग हसू ओसरल्यावर मनात आले, शेजारच्या बाटलीत ॲसिडही असू शकले असते. आणि वासावरून सगळे ओळखणाऱ्या या माणसाला हाताला लागलेल्या व्हार्निशचा वास कसा आला नाही?

काल इथवर लिहून मी उठले. आजचा प्रकार आता याच कलमात लिहिते, म्हणजे उद्या कोणी मला वेडी ठरवू नये.

सकाळी मी वाण्याकडून सरबताची नवी बाटली आणली, सरबत पातेल्यात काढले, बाटली लख्ख धुतली आणि नळाचे पाणी भरले. मग यांच्यापुढे ठेवली. “मागच्या खोलीतली आहे. सांगा बघू, यात काय आहे?”

यांनी झाकण काढले, डोळे मिटले, पूर्वी दुकानात गिऱ्हाइकांसमोर घ्यायचे तसा ऐटीत वास घेतला. “थिनर,” म्हणाले. “पक्कं थिनर. झाकण लाव, उडून जाईल.”

मी बाटली उचलली आणि तोंडाला लावली.

खुर्ची मागे कोसळली. हे टेबलावरून माझ्या अंगावर आले, बाटली हिसकावली, माझा जबडा धरून ओरडायला लागले, “थुंक! अगं, थुंक! काय केलंस हे!” माझे दोन्ही खांदे गदागदा हलवले. पुढच्या आठवड्यात झडप बदलायची आहे याचेही भान नाही.

“अहो, पाणी आहे,” मी म्हटले.

यांना खरे वाटेना. मग यांनी स्वतः एक घोट घेतला. आणि खाली बसले. बाटली परत नाकाशी नेली, मग टेबलावर ठेवली.

“मला वासच येत नाही गं,” हे म्हणाले. “तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून. वाटलं, येईल परत.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? मला दुसरं काय येत होतं?”

मला एकदम रडू आले. मी त्यांचा हात धरला आणि म्हटले की तुम्हाला गल्लीतले सगळे रेडिओ येत होते, आणि ते नाकाने दुरुस्त होत नव्हते. हे हसले. मग उठून कपाटातले हातमोजे शोधायला लागले. हा प्रयोग कोणीही कोणावर करू नये. मी माझ्या नवऱ्याच्या काळजाशी खेळले, आणि त्याबद्दल रात्री जेवताना त्यांनी मला दोनदा झापले आहे.

जावयांना फोन केला, ते गाडी घेऊन आले. बाटल्या खोक्यांत उभ्या केल्या, मध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. ट्यूब चादरीत गुंडाळल्या, बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावली. स्कूटरच्या बॅटरीचे खोके वेगळे. गाडीच्या सगळ्या काचा खाली. वाटेत हे मागे वळून वळून खोक्यांकडे बघत होते. लेकीला सासरी धाडतानाही इतके वळले नव्हते. केंद्रावर हातमोजे घातलेल्या बाईंनी विचारले, “काका, यात काय आहे?” आणि माझ्या पतींनी, चार लोकांत, मान वर करून सांगितले, “माहीत नाही.” बाई म्हणाल्या, “मग तसंच लिहिते, ‘अज्ञात’. बरं झालं सांगितलंत, अंदाजाने सांगणारेच जास्त येतात.” एक जुना ट्रान्झिस्टर यांनी मागे ओढून घेतला. त्यातले सेल तिथेच काढून दिले, ट्रान्झिस्टर मांडीवर घरी आला. मी हरकत घेतली नाही.

सबब कलम सहावे माझ्या हयातीतच पार पडले असून वारसांवर त्याची जबाबदारी उरलेली नाही.

कलम सातवे. मागची खोली धुऊन, पंखा लावून उघडी ठेवली आहे. आजपासून या घरात खाण्यापिण्याच्या बाटलीत खाण्यापिण्याचीच वस्तू राहील. हे लेकीने दर भेटीत तपासावे. तिचे वडील गोड बोलतील, त्यांच्या बोलण्याला भुलू नये.

वरील सर्व मजकूर मी पूर्ण समजून लिहिला, दोन्ही साक्षीदारांच्या समोर वाचला आणि त्यांच्या देखत सही केली.

सही: क्लासवाल्या बाई
ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा रविवार

साक्षीदार पहिले: वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर. बाईंची प्रकृती आणि आवाज दोन्ही खणखणीत असल्याचे मी प्रमाणित करतो.

साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या ग्रंथपाल बाई. बाईंनी वाचून दाखवले, मी ऐकले. दोनदा हसले, एकदा डोळे पुसले.

पतीचे निवेदन, साक्षीदारांच्या सह्यांनंतर, मृत्युपत्र करणारीचा विरोध डावलून लिहिलेले:

मी वरील सर्व वाचले. कलम सहावे मी स्वतः पार पाडले. बाकीची कलमे अमलात येण्यासाठी हिला आधी मरावे लागेल, आणि त्याला माझी संमती नाही.

सही: रेडिओकाका