मोगऱ्याचं तेल

आये, तुझ्या नातीनं बाळंतपणाच्या कळा सोसायला मोगऱ्याचं तेल निवडलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तुझ्याशी बोलावंसं वाटलं. तू गेलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आता शहापूरच्या बाजारात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, डोळ्यांना चष्मा आहे, आणि तू गेलीस त्या वयाहून माझी लेक मोठी आहे. ती वाशिंदला नव्या इमारतीत राहते, कल्याणला नोकरीला जाते. सातवा संपला तेव्हा एका रविवारी ती दुकानात आली, मशीनपाशी स्टुलावर बसली आणि पर्समधून तीन काळ्या बाटल्या काढून माझ्या कापडांवर मांडल्या. बोटाएवढ्या बाटल्या, पण एकेकीत टोपलीभर फुलं मावतात म्हणे. कल्याणला कुठल्याशा वर्गात तिला शिकवत होते, कळ आली की श्वास कसा सोडायचा, ओणवं कसं व्हायचं, आणि फुलापानांच्या तेलाचा वास घेत जीव कसा शांत ठेवायचा. पोट न फाडता, टाके न पडता मोकळं व्हायचं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. "आई, वास घे आणि सांग," ती म्हणाली. पहिली बाटली लव्हेंडरची, मला डोकेदुखीच्या मलमाची आठवण झाली. दुसरी संत्र्याच्या सालीची. तिसरी तिनं स्वतःच माझ्या नाकाशी धरली, आणि आधाराला माझा हात मशीनच्या चाकावर गेला.

मी म्हटलं, "लव्हेंडर बरा आहे."

"त्यानं मला मळमळतं. हाच मस्त आहे, छाती मोकळी होते." मग हसून म्हणाली, "लहानपणी तू मला एकदा पण गजरा माळू दिला नायस. आता पोटुशीचे डोहाळे तरी पुरव." आणि उठता उठता खरी गोष्ट सांगितली. डॉक्टरीणबाई घरच्या एका माणसाला आत येऊ देणार होत्या. जावयाला नुसती सुई बघून घेरी येते. तेव्हा आत मी यायचं, आणि हे तेल तिच्या पाठीला मीच चोळायचं. बाटली माझ्याकडंच ठेवून ती गेली. मी हो म्हटलं होतं. दुसरं काय म्हणणार? आपल्या आईनं आत यावं, एवढंच तर ती मागत होती.

पोटुशी बाईला बाळंतपणातलं मरण सांगू नये, एवढं मला कळतं. तिला मी आजवर एकच वाक्य सांगितलं होतं, तुझी आजी बाळंतपणात गेली. पुढचं काही नाही. पुढचं असं की वैशाख आहे, मुरबाडच्या पुढं डोंगराखालचं आपलं घर आहे, आणि सकाळपासून तुझा आवाज बंद झाला आहे. बाळही गेलं आहे. मी दारात उभी आहे आणि बायका तुला नटवतायत. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू, ओटी. शेजारणीच्या दारचा मोगरा कुणीतरी ओरबाडून आणलाय आणि दोघीजणी केळीच्या सोपाच्या दोऱ्यात घाईघाईनं वेण्या गुंफतायत. तू कधी फूल माळलं नाहीस. तुझ्या केसांना खुरासणीच्या तेलाचा वास यायचा, आणि त्या वासात तोंड खुपसल्याशिवाय मला झोप लागायची नाही. आत्यानं मला पुढं ढकललं, "पाया पड आयच्या." मी पायांकडं न जाता डोक्याशी गेले आणि वाकले. मोगरा, मोगरा, नुसता मोगरा. खुरासणीचा वास शोधत मी नाक आत आत घालत गेले, तेव्हा कुणीतरी मला दंडाला धरून ओढलं. त्या दिवसापासून देवळात, लग्नात, बाजारातल्या फुलवालीपाशी, कुठंही मोगरा आला की मी नाकाला पदर लावून पुढं निघते.

तुला मागच्या दारानं नेलं तेव्हा माझा चुलता सगळ्यांच्या मागं चालत होता. आत्यानं त्याच्या उपरण्यात नागली बांधून दिली होती. तीच नागली, जी आता नाचणी म्हणून पाकिटातून मिळते. आपल्या दारापासून स्मशानापर्यंत तो मूठ मूठ मागं टाकत गेला. मी विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "बाळंतपणात गेलेली बाय परत येते गो. वाटेवर दाणा दिसला का तिला वेचावाच लागतो. येक येक वेचता वेचता उजाडतं, मंग ती माघारी जाते." मला तुझी दया आली. नागलीचा दाणा तो केवढा. घरातसुद्धा चार दाणे सांडले तर ते वेचल्याशिवाय तू उठायची नाहीस. ही तुझी सवय हेरूनच त्यांनी तुला अडवलं, असं मला वाटलं. पण आत्याकडून एक चूक झाली. ही नागली भाजून टाकायची असते. रडण्याच्या गडबडीत तिनं बियाण्याच्या मडक्यात हात घातला. ज्येष्ठात पाऊस झाला आणि थोड्याच दिवसांत स्मशानापासून आपल्या दारापर्यंत हिरवी रेघ उगवून आली. गावानं ती बघितली. आपल्या घरावरून पाण्याला जाणाऱ्या पोरी लांबच्या वाटेनं जाऊ लागल्या. आत्यानं कपाळावर हात मारला. "इसारले गो मी, भाजाया इसारले." मग इरलं पांघरून भर पावसात तिनं ती सगळी रोपं उपटली, शेतातलं तण काढतात तशी ओणवी होऊन, दारापासून पार स्मशानापर्यंत. मी मागच्या पडवीतून बघत होते. मला एवढंच कळत होतं की तू दारापर्यंत आली होतीस.

आत्याला मी नावं ठेवणार नाही. तिनं मला घासातला घास देऊन वाढवलं. माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, म्हणजे तिच्याच हाताखाली. तिनं माझ्या उशाखाली विळा ठेवला. दाराशी लसणीच्या सालीची आणि मिरच्यांची धुरी केली, त्या धुरानं ठसका लागला तो मलाच. अंगणातलं फूलन् फूल खुडून लांब टाकलं. हे सगळं कुणासाठी चाललंय, ते मला विचारावं लागलं नाही. पहिली मोठी कळ आली आणि मी ओरडले, आये. शब्द पुरा होतो न होतो तोच आत्याचा खरखरीत तळवा माझ्या तोंडावर. "तिला हाक मारू नको. येल ती." मग मी बाबाला हाका मारत बाळंत झाले. गावातल्या प्रत्येक पोरीच्या उशाशी तिची आय बसते. माझ्या उशाशी माझ्याच आयला भिववायला विळा होता. आणि मी तुला भ्याले गं. भिंतीच्या कुडातल्या फटीकडं डोळे लावून पडले होते, तू येतेस का बघत. तू आली नाहीस. लेक झाली, आत्यानं विळा काढून धुतला आणि कोपऱ्यात ठेवून दिला.

हे सगळं पोटात ठेवून मी लेकीबरोबर डॉक्टरीणबाईंकडं गेले. बाई सरळ बोलणाऱ्या आहेत. "तेलाला माझी हरकत नाही. पण वाटीभर तिळाच्या तेलात थोडेच थेंब. नुसतं अंगाला लावायचं नाही आणि पोटात तर अजिबात घ्यायचं नाही. बाळाचे ठोके मला पटले नाहीत तर तेल राहिलं बाजूला, मी सांगेन ते करायचं." लेकीनं मान हलवली. मग बाई माझ्याकडं वळल्या, "आणि आजी, तुम्ही घाबरलात तर तिला लगेच कळेल. आत येणारं माणूस शांत पाहिजे." मी म्हटलं, मी कशाला घाबरतेय. दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू केला. दुकान उघडलं की बाटलीचं बूच काढायचं, एकदा वास घ्यायचा, बूच लावायचं. पहिल्यांदा मागच्या मोरीत जाऊन ओकले. हळूहळू नुसती मळमळ राहिली. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मावशी, आज दुकानात लगीन कोणाचं?" मी म्हटलं, "माझंच." ती हसली, मीही हसले, आणि तिच्या ब्लाउजला बाही उलटी लावून ठेवली.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी तिचं पाणी गेलं. शहापूरला दवाखान्यात आणेपर्यंत ती हसत होती, दुपारी हसणं थांबलं. पलंगाची कड धरून ती ओणवी उभी होती. सिस्टरनं रुमालावर एक थेंब टाकून तो तिच्या मुठीत दिला, आणि मी वाटीतलं तेल तळहातावर घेऊन तिच्या कमरेला लावलं. मी तोंडानं श्वास घेत होते, नाकाला पत्ता लागू नये म्हणून. पण तिच्या अंगाच्या उबेनं तेल तापलं आणि सगळी खोली मोगऱ्यानं भरली. मी कधी उठले ते कळलं नाही. खिडकी लावायला गेले होते. सिस्टर म्हणाली, "राहू द्या मावशी, उकडतंय किती." माझा हात कडीवर होता. बाहेर ऊन होतं, दोन रिक्षा उभ्या होत्या, एक कुत्रं सावली शोधत होतं. मागून लेक ओरडली, "आई गं." माझे खांदे वर झाले. मला वाटलं, आता कुणीतरी तिच्या तोंडावर हात ठेवणार. कुणी ठेवला नाही. ती पुन्हा ओरडली. मी खिडकी उघडीच टाकली, मागं फिरले आणि तिच्या माकडहाडावर दोन्ही तळवे रोवले. "हाय गो, हितंच हाय." आवाज बहुतेक माझाच होता. पण शहापुरात येऊन ही बोली माझ्या तोंडून कधीच गेली आहे. लेकीनंही चमकून मान वळवली आणि मग पुढची कळ आली.

तेलानं कळा कमी झाल्या, असं मी म्हणणार नाही. कळ ती कळच. पण कळ आली की ती रुमाल नाकाशी नेई, डोळे मिटून घेई आणि तिचा श्वास लांब होत जाई. तिला धरायला काहीतरी होतं. मी चोळत राहिले. चोळता चोळता दम लागला, आणि दम लागल्यावर तोंडानं किती वेळ श्वास घेणार, नाकानं घ्यावाच लागला. मोगऱ्याच्या खालून गरम तेलाचा, घामाचा, केसांचा वास आला. तो खुरासणीचा नव्हता, तिळाचा होता, मला फरक कळतो. तरी मी तिच्या मानेत नाक खुपसलं आणि त्या वैशाखात जे शोधत होते ते पुन्हा शोधत राहिले. खोलीत आम्ही तिघीच होतो, लेक, सिस्टर आणि मी. पण तिच्या पाठीवर माझ्या हातांपेक्षा जास्त हात फिरतायत, असं मला सारखं वाटत होतं. मी मागं वळून बघितलं नाही. अंगावर काटा होता. तो तू आलीस म्हणून, की मी वळले तर तू जाशील म्हणून, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. ऊन कलताना मुलगी झाली. टाके पडलेच. मी लेकीला म्हटलं, शिंपिणीची पोर ना तू, टाक्यावाचून कशी सुटशील? ती रडता रडता हसली.

आता कार्तिक लागलाय. दोघी माझ्याकडं आहेत. परवा लेकीनं विचारलं, "तुमच्या गावाकडं बाळंतिणीच्या उशाखाली काही ठेवतात ना? माझ्या सासूबाई विचारत होत्या." मी म्हटलं, काही ठेवत नाहीत. तुझी सगळी गोष्ट तिला अजून सांगितलेली नाही. तिचा रंग जरा परत आला की सांगेन. बाटलीत थोडं तेल उरलंय, ते मशीनच्या खणात आहे. हे लिहिलेलंही त्याच खणात पडून राहील, कारण तुझ्याकडं पोचवणारं कुणी नाही, आणि जाळलं की पोचतं म्हणतात, त्यावर माझा विश्वास नाही.

एक मात्र तुला सांगायचं आहे. आत्याला वाटलं, तिनं सगळी रोपं उपटली. मागच्या दाराशी, न्हाणीच्या दगडाआड, अळवाच्या पानाखाली एक राहिलं होतं. मी ते बघितलं होतं आणि बोलले नव्हते. सांडपाण्यावर ते वाढलं. कार्तिकात त्याला कणीस धरलं, मिटलेल्या मुठीसारखं. आत्या शेतावर गेली होती तेव्हा मी ते खुडलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि सगळे दाणे खाल्ले. खाली सांडलेलेही वेचून खाल्ले. चव नागलीचीच होती. आत्या पुढं कितीतरी वर्षं दिवे लागायच्या आत मागचं दार लावून घ्यायची. तू आधीच आत आली आहेस, हे मला एकटीला माहीत होतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही.